मळकी पानं

फरशीवाल्याने प्लग काढला तेव्हा मी चहाचा कप ओठाला लावलेला होता, आणि तो घोट मी गिळला. पुढे पुष्कळ दिवस मला हेच आठवत राहिलं. समोरच्या कपाटातले छप्पन्न हिरवे दिवे एका क्षणात विझले, पंखे उतरत्या सुरात रडत रडत थांबले, सहा वर्षांत या खोलीत कधी ऐकू न आलेली भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली, आणि मी घोट गिळून, कप बशीत नीट ठेवून, मगच उठलो. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. फरशीवाला कोपऱ्यात उभा होता. त्याच्या एका हातात आमचा प्लग होता, दुसऱ्या हातात फरशी घासायच्या यंत्राचा, आणि जुळ्यांपैकी रडलं कोण हे न कळलेल्या बापासारखा तो दोन्हींकडे आळीपाळीनं बघत होता. "साहेब, हा कुणाचा?" त्यानं विचारलं. "इस्पितळाचा," मी म्हणालो. "तरीच जड लागला," तो म्हणाला. "दुसरं भोकच नव्हतं हो कुठं. साहेबांनी सांगितलंय, तपासणीवाले यायच्या आत फरशीत तोंड दिसलं पाहिजे." बॅटरी असती तर काही बिघडलं नसतं, पण बॅटरी बदलायला नेली होती आणि ती दुपारपर्यंत परत यायची होती, कुठल्या दुपारपर्यंत, हे नेणाऱ्याला विचारायचं राहिलं होतं. मी प्लग घेतला, लावला, बटण दाबलं. एक पिवळा दिवा लागला. आता सहा मिनिटं. पूर्वी या मशीनला पुन्हा उभं राहायला चौदा मिनिटं लागत. ती मी सहावर आणली, आणि त्याबद्दल मोठ्या साहेबांनी मला दिलेलं प्रशस्तिपत्र याच खोलीत, घड्याळाच्या खाली, चौकटीत लावलेलं आहे.

सहा मिनिटं करण्यासारखं काहीच नसतं. पिवळ्या दिव्याकडे बघायचं आणि काय काय बुडालं असेल याचा अंदाज घ्यायचा. हे मशीन इस्पितळभरच्या नोंदी ठेवतं. कुणी काही टंकलं की ते आधी नुसतं लक्षात ठेवतं आणि लगेच पडद्यावर हिरव्या अक्षरांत सांगून मोकळं होतं: लिहिलं. लिहिलेलं नसतं. डिस्क ही त्याची वही. वहीत उतरवायला वेळ लागतो, आणि समोरच्याला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून हे 'लिहिलं' म्हणायचं आणि सवडीनं उतरवायचं. अशा, मनात असलेल्या पण वहीत न उतरलेल्या पानांना आमच्या धंद्यात मळकी पानं म्हणतात. उतरली की स्वच्छ. एरवी अर्ध्या मिनिटात सगळं उतरून होतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. फक्त मनात मळकं किती साठू द्यायचं याला एक मर्यादा आहे, त्या मनाचा पाचवा हिस्सा. त्याच्या वर गेलं की मशीन म्हणतं, थांबा, आधी हे उतरवू द्या. आणि गोम अशी, की ही मर्यादा सगळ्यांना मिळून एकच होती. सामान एकानं भरायचं आणि 'थांबा' सगळ्यांना. त्या दिवशी दहा वाजता क्ष-किरण विभागानं आपले अकरा वर्षांचे फोटो जुन्या मशीनवरून आमच्या मशीनवर ओतायला घेतले होते. एका माणसाची छाती म्हणजे वॉर्डातल्या सिस्टरनं वर्षभर लिहिलेल्या सगळ्या तापांपेक्षा आणि जुलाबांपेक्षा मोठी असते. अशा छात्या हजारांनी येत होत्या. पावणेअकराला वॉर्डांतून फोन यायला लागले. "ताप शंभर, एवढंच लिहायचंय हो मला, दहा मिनिटं झाली नुसतं गोल गोल फिरतंय." मी प्रत्येकीला म्हणालो, "बघतो." आणि बघत होतोच. चहा मागवून बघत होतो.

यावरचा उपाय मला माहीत नव्हता असं नाही. मशीन ज्या कंपनीचं, तिथल्या बाई चार महिन्यांपूर्वी आल्या होत्या. आता फरशीवाला ज्या स्टुलाला टेकून उभा होता त्याच स्टुलावर बसून त्यांनी मला, लहान मुलाला भागाकार शिकवावा तसं, सगळं समजावून सांगितलं होतं. "साहेब, एकाचंच बोचकं दारात अडकलं की मागचे सगळे बाहेर, अशी गत करून ठेवलीय तुम्ही. प्रत्येक विभागाच्या कामांचा एक गट करा, आणि गटागटाला वेगळी मर्यादा घाला. क्ष-किरणवाल्यांचा वाटा भरला की क्ष-किरणवाल्यांनी थांबावं. दोन ओळी लिहिणाऱ्या सिस्टरनं का थांबायचं?" मी म्हणालो, "क्ष-किरणवाले ओरडतील." त्या म्हणाल्या, "ओरडू देत की. आत्ताही कुणीतरी ओरडतंयच, फक्त त्यांचा आवाज लहान आहे." मला ते पटलं. मला पटतं फार लवकर. "पाच ओळींचं काम आहे," त्या म्हणाल्या, "करताय ना?" "लिहिलं," मी म्हणालो. "कुठे?" म्हणून त्यांनी टेबलाकडे पाहिलं, टेबलावर काहीच नव्हतं. मी बोटानं कपाळ दाखवलं. त्या हसल्या. मग हसणं संपल्यावरही त्या माझ्या कपाळाकडे जरा बघत राहिल्या. त्यानंतर त्यांची तीन पत्रं आली. तिन्हींना मी एकाच शब्दात उत्तर दिलं.

हा शब्द आमच्या घरचा आहे. मी वाढलो आत्याजवळ, आणि आत्या अडतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासत होती. तोंडी सांगितलेल्या गोष्टीवर तिचा काडीचा विश्वास नाही. तोंडी बोललेलं हवेत जातं आणि हवेला शुद्धलेखन नसतं, असं ती म्हणते. मला खेळायला जायचं असलं तरी पाटीवर लिहून परवानगी मागावी लागे, आणि ती कधीकधी व्याकरणावरून नाकारली जाई. बाजारातून काय आणायचं, शाळेत काय सांगायचं, पोट किती वाजता दुखायला लागलं, सगळ्याला तिचे दोन प्रश्न ठरलेले. "लिहिलंस?" मी म्हणायचं, "लिहिलं." की लगेच दुसरा: "दाखव." हे 'दाखव' माझ्या पंचविसाव्या वर्षापर्यंत चाललं. मग मला मशीनची नोकरी लागली आणि ते आपोआप बंद झालं. मशीनचा माणूस 'लिहिलं' म्हणतोय म्हटल्यावर ते कुठेतरी पक्कं झालेलं असणार, अशी तिची समजूत झाली. चार लोकांत ती अभिमानानं सांगायचीही. बायकोशी बोलतानासुद्धा माझ्या तोंडून पटकन तेच जातं. बायको म्हणते, "हो म्हण की सरळ, हे काय कारकुनासारखं." पण 'हो' म्हटलं की पुढे काही करावं लागतं. 'लिहिलं' म्हटलं की झालेलंच असतं.

दुसरं मिनिट संपत आलं होतं. पिवळ्या दिव्याशेजारी आणखी एक लागला. फरशीवाला म्हणाला, "साहेब, मी माझं लावू का तोवर दुसरीकडे?" मी त्याला थांब म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. एकटं राहायला नको वाटलं असेल. मी मनातल्या मनात वॉर्ड घेत चाललो होतो. बायकांचा वॉर्ड, पुरुषांचा, लहान मुलांचा, हाडांचा. गेल्या चाळीस मिनिटांतलं जे जे उतरलं नाही ते गेलं. लोकांना परत लिहायला सांगू. कुणाचा ताप, कुणाचं गाळलेलं जेवण, फार तर. हाडांचा वॉर्ड. पलंग सतरा. सतरावर आत्या होती. काल संध्याकाळी वरच्या फळीवरचा शब्दकोश काढताना ती स्टुलावरून पडली होती. शब्दकोश सोडला असता तर हात टेकता आला असता; शब्दकोश सोडला नाही म्हणून मनगट गेलं, उजवं. "पान दुमडलं नाही ना बघ आधी," हे तिचं पडल्यानंतरचं पहिलं वाक्य. आज साडेअकराला तिला भूल देऊन हाड बसवायचं होतं. पण आत्याची काळजी नव्हती. आत्याची नोंद सव्वानऊची होती. सव्वानऊला क्ष-किरणवाल्यांचं ओतणं सुरूसुद्धा झालं नव्हतं, तेव्हा मशीन रिकामं होतं, पान अर्ध्या मिनिटात उतरलं असणार. मला एकदम बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की कपातला उरलेला चहाही मी संपवला.

सकाळी नऊला मी तिचा अर्ज भरत होतो. तिचा हात फळकुटाला बांधलेला, चष्मा पिशवीत, आणि जन्मात पहिल्यांदा कुणाकडून तरी लिहून घ्यायची वेळ आलेली, त्यामुळे ती सांगत होती ते पुराव्यानिशी. 'कोणते औषध चालत नाही?' हा शेवटचा चौकोन. वीस वर्षांपूर्वी तिला एका इंजेक्शनानं जवळजवळ नेलं होतं. ओठ सुजले, गळा आवळला, छापखान्याच्या मालकानं टाइपाच्या ढकलगाडीवर घालून तिला दवाखान्यात पोचवलं होतं. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुन्हा एकदा गेलं तर ढकलगाडी पुरायची नाही. त्या औषधाचं नाव तिनं मला अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं. "मधे जोडाक्षर आहे, ते नीट. शेवटचा न पाय मोडका. लिहिलंस?" माझ्या दुसऱ्या कानाला फोन होता आणि त्यात क्ष-किरणवाले विचारत होते, "साहेब, दहाला ओतायला घेऊ का?" मी त्यांना म्हणालो, "घ्या," आणि तिला म्हणालो, "लिहिलं." चौकोन मोकळाच ठेवला, कारण मला वाटलं, कागदावर कशाला, थेट सिस्टरलाच सांगतो, ती माझ्यासमोर मशीनमध्ये घालेल, ते जास्त पक्कं. आणि तसं मी सांगितलं. वॉर्डातल्या उंच टेबलापाशी सिस्टर उभी होती. मी म्हणालो, "सतराला आमची आत्या आहे, एवढं औषध चालत नाही, लिहून ठेवा." ती एका बोटानं टंकत होती. निळ्या स्वेटरच्या बाह्या तिनं कोपरापर्यंत ओढून घेतल्या होत्या. पडद्यावर हिरवं 'लिहिलं' उमटलं. ती म्हणाली, "भांडखोर दिसतात आत्या." मी हसलो. मला ते हसणं गालांत आठवत होतं. खिडक्या बंद होत्या आणि काचेवर वाफ धरली होती.

मी फरशीवाल्याकडे बघितलं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. माझाही. आठवडाभर उकाड्यानं जीव नकोसा झालेला, वॉर्डाच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, सकाळी अर्ज भरताना कागद उडू नये म्हणून मी त्यावर आत्याच्या चष्म्याचं घर ठेवलं होतं. स्वेटर. कुठला स्वेटर? मी आठवणीतल्या सिस्टरच्या अंगावरून तो काढून बघायला लागलो, आणि तो निघेना. स्वेटर काढला की सिस्टरच जात होती. सिस्टर गेली की टेबल जात होतं. वाफेची काच, एका बोटानं टंकणं, हे सगळं खरं होतं, पण ते थंडीतलं होतं. तेव्हा मी त्या वॉर्डात छपाईयंत्राच्या कागदासाठी गेलो होतो आणि सिस्टर 'भांडखोर' म्हणाली होती ती त्या यंत्राला. आजच्या सकाळचं काय होतं माझ्याकडे? अर्ज खिडकीत दिला. फोन अजून कानाला. जिना. जिन्यात मी मनातल्या मनात सिस्टरला सांगत होतो, शब्द जुळवत होतो, जोडाक्षर नीट उच्चारत होतो. इतक्यांदा मनात सांगितलं, की सांगून झालं. मग वर येऊन मी खुर्चीत बसलो. मी थांबलोच नव्हतो वॉर्डात. सिस्टर भेटलीच नव्हती. मशीननं आत्याचं काहीही बुडवलं नव्हतं. मशीनपर्यंत काही गेलंच नव्हतं.

आणि मग पुढचं, एकामागून एक, मला स्वच्छ दिसायला लागलं. भूलवाले डॉक्टर तिला विचारणार, काही चालत नाही का? आणि आत्या, जगातली एकमेव आत्या, तोंडानं सांगणार नाही. "तोंडी नको. भाच्यानं लिहिलंय, ते वाचा." आत्ता पडदा काळा आहे, म्हणून ते थांबले असतील. पण मशीन उठतंय. माझं सहा मिनिटांचं मशीन. तीन मिनिटांत ते उठेल आणि सतरा नंबरचा तो चौकोन मोकळा दाखवेल, आणि मोकळ्या चौकोनाचा अर्थ सगळ्या इस्पितळात एकच आहे: काही त्रास नाही. मी फोन उचलला. वॉर्डाचा लागेना, सगळे वॉर्ड मलाच फोन करत होते. मी पळालो. पंचावन्न वर्षांचा, पोट सुटलेला माणूस जिना उतरताना पळतो तेव्हा लोक बाजूला होतात ते आदरानं नव्हे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला सुचलं, की निघताना प्लग परत काढला असता तर झालं असतं. फरशीवाला हातात प्लग घेऊन तयारच होता. एवढं सोपं, एवढं शेजारी, आणि ते सुचायला मला चाळीस पायऱ्या लागल्या. मी एक पाय वर, एक खाली असा थांबलो. वर जावं का? मग वाटलं, वर जायला दुप्पट वेळ. पुन्हा खाली. तो थांबलेला क्षण मला अजून कुठेच ठेवता आलेला नाही.

वॉर्डाच्या दारात पोचलो तेव्हा पडदा नुकताच उजळत होता. सिस्टर, अर्ध्या बाह्यांची, पलंगाच्या उशाशी. भूलवाले डॉक्टर हातात भरलेली सिरिंज घेऊन पडद्याकडे बघत, चिडलेले. "पाच मिनिटं विचारतोय मी, या म्हणतात वाचा. वाचू कशात? आलं, आलं एकदाचं." त्यांनी वाकून पाहिलं. "हे बघा आजी, काहीही लिहिलेलं नाही. म्हणजे काही नाही ना? उगीच घाबरवलंत." आत्यानं डावा दंड पुढे केला. तिनं वाचलं नव्हतं; चष्मा नव्हता; पण लिहिलेल्यावर तिचा विश्वास होता. मी नाव ओरडलो. जोडाक्षरासकट. धाप लागल्यामुळे ते तुटक आलं, सकाळी तिनं सांगितलं होतं तसं, अक्षर अक्षर सुटं. डॉक्टर वळले. त्यांनी हातातल्या सिरिंजकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ती ट्रेमध्ये ठेवली. धातूवर काच ठेवल्याचा आवाज झाला. "हेच आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात भिंतीवरचा कर्णा बोलायला लागला. मोठे साहेब स्वतः: यंत्रातील बिघाडामुळे आज सकाळच्या काही नोंदी पुसल्या गेल्या आहेत, तरी सर्वांनी त्या पुन्हा कराव्यात, गैरसोयीबद्दल क्षमस्व. डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे मशीननं खाल्लं. बापरे. आणि मशीन आणखी दोन मिनिटं आधी उठलं असतं तर मी देऊन बसलो असतो." सिस्टर पांढरीफटक झाली होती. "यांनी सांगितलं असेल हो सकाळी," ती म्हणाली. "मी घातलंही असेल. माझ्या नाही लक्षात. सकाळपासून नुसतं गोल गोल फिरत होतं ते... मलाच सांगितलं होतंत ना, साहेब?" ती माझ्याकडे बघत होती, आणि मी हो म्हणालो असतो तर तिनं ते आठवूनही दाखवलं असतं. मला एक क्षण ती पुन्हा निळ्या स्वेटरमध्ये दिसली. सगळं तयार होतं. मळकी पानं, पाचवा हिस्सा, अकरा वर्षांच्या छात्या. एकेक शब्द खरा, तज्ज्ञ बसवला तरी हेच सांगेल. आत्या उशीवरून म्हणाली, "तू लिहिलं होतंस ना रे, ठोंब्या? मग गेलं कसं?"

"गेलं नाही, आत्या," मी म्हणालो. "मी लिहिलंच नव्हतं. सिस्टरना सांगितलंही नव्हतं. त्यांचा काही संबंध नाही."

शेजारच्या पलंगावरची बाई खायचं थांबली. डॉक्टर म्हणाले, "असू दे, असू दे, वेळेवर आलात," आणि म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. आत्या बघत होती. रागानं नाही; राग मी ओळखतो, रागाला तिच्याकडे खुणा आहेत, त्या ती समासात करते. ती बघत होती ते पुस्तक छापून, बांधून, दुकानात गेल्यावर सापडलेल्या चुकीकडे बघतात तसं. मग तिनं मान वळवली. "सिस्टर," ती म्हणाली, "माझा अर्ज आणा बरं जरा. आणि माझा चष्मा." सिस्टरनं दोन्ही आणलं. चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला. आत्यानं डाव्या हातानं अर्ज मांडीवर सरळ केला, शेवटचा चौकोन शोधला, तो मोकळा आहे हे स्वतः पाहिलं, त्यावरून बोट फिरवून पाहिलं.

"पेन आहे का हो तुमच्याकडे?" तिनं विचारलं. सिस्टरनं खिसे चाचपले, नव्हतं. "थांबा, आणते," म्हणून ती टेबलाकडे गेली, तिथे मिळेना, तशी पुढच्या वॉर्डात गेली. आम्ही वाट बघत राहिलो. मी आत्याच्या पलंगाला टेकून उभा होतो, आणि माझ्या खिशाला दोन पेनं लावलेली होती.